जोखीम, लस आणि पुन्हा प्रवास

बँकेच्या व्यवहारात 'जोखीम' हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जातो, याची गणती करणे कठीण आहे. कर्जाची जोखीम, बाजाराची जोखीम, कामकाजातील जोखीम अशी तिची वर्गवारी होते, तिचे मोजमाप होते आणि तिच्यासाठी तरतूद केली जाते. परंतु जोखीम मुळीच नाही म्हणून कर्ज दिले, असे कोणत्याही शाखेत घडत नाही. जोखीम ओळखली, ती पेलण्याजोगी आहे हे पडताळले आणि मग कर्ज दिले, असेच घडते. जोखीम शून्यावर आणायची असेल तर तिजोरीला कुलूप लावून बसावे लागेल. आणि मग ती बँक उरणार नाही.

आरोग्याच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो, हे मार्च २०२० नंतरच्या काळाने आपल्याला शिकवले. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आणीबाणी संपली, विषाणू मात्र गेला नाही. तो रूप पालटत आपल्यात वावरतो आहे. या वस्तुस्थितीला सामोरे जाण्याचे दोन टोकाचे मार्ग आमच्या शाखेत येणाऱ्या ग्राहकांमध्ये आजही दिसतात. काहींच्या लेखी जणू काही घडलेच नव्हते; तर काही ज्येष्ठ मंडळी अद्यापही गर्दीच्या वेळी बाहेर पडत नाहीत, गावी जाण्याचा बेत वर्षानुवर्षे पुढे ढकलतात. या दोहोंच्या मधला, हिशेबी आणि तरीही आनंदाचा एखादा मार्ग आहे काय, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न. त्यासाठी ज्या शहरात मी सध्या नोकरीनिमित्त राहतो, त्या बंगळूरच्या इतिहासाकडे वळणे उपयुक्त ठरेल. कारण महामारीनंतर पुन्हा उभे राहण्याचा धडा या शहराने एकदा नव्हे, दोनदा गिरवला आहे.

रेल्वेबरोबर आलेली साथ

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. त्याचे निदान प्रथम करणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोमंतकीय. पाहता पाहता साथ पुण्यात पोहोचली. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले, हे आपण सारे जाणतो. तेथून दक्षिणेकडे जाणारा साथीचा मार्ग लोहमार्गाला लागूनच होता. सदर्न मराठा रेल्वेच्या गाड्या पुण्याला हुबळी, हरिहर या गावांवरून बंगळूरशी जोडत होत्या. १८९८ मध्ये हुबळीत प्लेगने थैमान घातले आणि त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात तो बंगळूरमध्ये दाखल झाला.

त्या वेळचे बंगळूर दोन भागांत विभागलेले होते. जुनी पेठ म्हैसूर संस्थानाच्या अखत्यारीत, तर छावणीचा भाग ब्रिटिशांकडे. रोगाला मात्र ही सीमा ठाऊक नव्हती. अरुंद गल्ल्या, एकाला एक लागून असलेली घरे, धान्याची कोठारे आणि उंदीर यांमुळे साथ दोन्हीकडे वेगाने फैलावली. किती माणसे दगावली आणि किती गाव सोडून गेली, याची कल्पना जनगणनेच्या आकड्यांवरून येते. १८९१ मध्ये पेठ आणि छावणी मिळून लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे १ लाख ५९ हजारांवर उतरली. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत एकवीस हजारांनी घटावी, ही घटना स्वतःच पुरेशी बोलकी आहे.

साथ आटोक्यात आणण्यासाठी संस्थानाने प्लेग आयुक्ताचे पद निर्माण केले. ते सांभाळणारे व्ही. पी. माधवराव हे कुंभकोणम येथे जन्मलेले तंजावरी मराठी गृहस्थ. पुढे ते त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. एका मराठीभाषक अधिकाऱ्याने कन्नड मुलखात साथीशी झुंज घेतली, ही गोष्ट येथील मराठी मंडळींनाही फारशी परिचित नाही.

त्या काळी प्रवाशांवर घातलेली बंधने वाचताना आजच्या वाचकाला ओळखीची खूण पटावी. रेल्वेस्थानकांवर प्रवाशांची तपासणी होत असे, संशयितांना वेगळ्या छावणीत ठेवले जात असे. शेजारच्या मद्रास इलाख्यात बाधित भागातून येणाऱ्या प्रवाशाला 'प्लेग पासपोर्ट' दिला जाई आणि पुढचे काही दिवस त्याला नियमितपणे तपासणीसाठी हजर राहावे लागे. विलगीकरण, प्रवासाचा परवाना, रोजची हजेरी हे सारे शब्द आपण २०२० मध्ये नव्याने शिकलो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपल्या पणजोबांच्या पिढीने ते अनुभवले होते.

साथीने घडवलेले शहर

प्रत्येक आपत्ती काही हिरावून नेते. पण तिच्यातून शहाणपण घेतले तर काही देऊनही जाते. दाटीवाटीची वस्ती हे साथीचे एक कारण आहे, हे ध्यानी आल्यावर पेठेतील लोकांना मोकळ्या जागेत वसवण्याच्या कामाला गती मिळाली. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहती याच सुमारास आकाराला आल्या. रुंद व सरळ रस्ते, घरांच्या मागे सफाईसाठी सोडलेल्या गल्ल्या आणि घराभोवती मोकळी जागा ही त्यांची वैशिष्ट्ये. छावणीच्या बाजूला विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेझर टाऊन वसवले गेले, तेही उंदरांना थारा मिळू नये अशा बांधणीची घरे डोळ्यांपुढे ठेवूनच. २२ जून १८९७ रोजी, म्हणजे साथ येण्यापूर्वीच, ज्याची पायाभरणी झाली होती ते व्हिक्टोरिया रुग्णालय ८ डिसेंबर १९०० रोजी लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते सुरू झाले. कोविडच्या काळात हेच रुग्णालय शहराचा मोठा आधार ठरले.

मल्लेश्वरमचा उल्लेख आला की मराठी मनात आणखी एक आठवण जागी होते. ज्या काडु मल्लेश्वर मंदिरावरून या वसाहतीला नाव मिळाले, तेथे १६६९ मधील व्यंकोजीराजांचा दानलेख आहे. शहाजीराजांना १६३८ नंतर जहागीर म्हणून मिळालेल्या या गावाशी आपले नाते किती जुने आहे, याची ती साक्ष. आज त्याच परिसरातील झाडांच्या सावलीत सकाळी फिरायला निघणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की हे रुंद रस्ते प्लेगच्या भीतीतून जन्मले आहेत?

आणि प्लेग? तोही जगातून नाहीसा झालेला नाही. १९९४ मध्ये महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात आणि गुजरातेत सुरतेत त्याने पुन्हा डोके वर काढले, तेव्हाची पळापळ अनेक वाचकांना आठवत असेल. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राची प्लेगवर पाळत ठेवणारी एक शाखा आजही बंगळूरमध्ये कार्यरत आहे. प्रतिजैविके आली, घरे सुधारली, पाळत सुरू राहिली. म्हणून आपण प्लेगच्या भीतीविना प्रवास करतो. महामारीसह जगणे म्हणतात ते हेच.

लस आणि विश्वास

प्लेगविरुद्धचे पहिले परिणामकारक शस्त्र मुंबईत घडले. ओडेसा येथे जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतील ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव मिळाले. हुबळीच्या साथीत ही लस हजारो लोकांना देण्यात आली.

परंतु विज्ञान सिद्ध झाले म्हणजे लोकांचा विश्वास आपोआप मिळतो, असे नाही. पुण्यात प्लेग नियंत्रणाच्या नावाखाली सैनिक घराघरांत शिरले, देवघरे आणि स्वयंपाकघरे यांची अवहेलना झाली. त्या संतापाचा उद्रेक २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंच्या हातून रँडवर झालेल्या हल्ल्यात झाला. योगायोग असा की, व्हिक्टोरिया रुग्णालयाची पायाभरणी झाली तो दिवसही हाच. दोन्हीकडे निमित्त होते राणीच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवाचे. एकाच दिवशी एका शहरात उपचाराचा पाया घातला गेला आणि दुसऱ्या शहरात जुलमी उपाययोजनेविरुद्ध गोळी झाडली गेली. उपाय योग्य असला तरी तो माणसाचा मान राखून केला पाहिजे, हा यातला बोध आहे.

दुसरा प्रसंग १९०२ मधला. पंजाबातील मुलकोवाल या गावी ३० ऑक्टोबर रोजी लस टोचलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने मरण पावले. ते सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. लस दूषित झाली ती प्रयोगशाळेत नव्हे तर गावात बाटली उघडताना, हे पुढे स्पष्ट झाले आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. मधली पाच वर्षे एका थोर संशोधकाची गेली आणि लसीवरील लोकांचा विश्वासही डळमळला. बँकेत काम करणाऱ्याला या घटनेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. विश्वास हे आपलेही भांडवल आहे. ते जमायला पिढ्या लागतात आणि जायला एक बाटली पुरते.

कोगनोळीचा नाका

आता आपल्या काळाकडे येऊ. मार्च २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात कर्नाटकातील पहिला कोविड रुग्ण बंगळूरमध्ये आढळला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. रेल्वेची चाके थांबली, विमाने जमिनीवर आली. देशांतर्गत विमानसेवा २५ मे २०२० रोजी मर्यादित प्रमाणात सुरू झाली. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणांना मात्र २७ मार्च २०२२ उजाडावा लागला. बंगळूरच्या केंपेगौडा विमानतळावरून २०१९-२० मध्ये ३ कोटी २० लाखांहून अधिक प्रवाशांनी ये-जा केली होती. २०२०-२१ मध्ये हा आकडा सुमारे १ कोटी ९ लाखांवर आला. तोच २०२४-२५ मध्ये ४ कोटींच्या पुढे गेला. आकड्यांच्या भाषेत सांगायचे तर प्रवास परतला, आणि पूर्वीपेक्षा जोमाने परतला.

बंगळूरमधील मराठी कुटुंबांच्या मनावर मात्र त्या काळातील एक नाव कोरले गेले आहे : कोगनोळी. पुणे-बंगळूर महामार्गावर निपाणीजवळचा हा नाका. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यांकडे बहात्तर तासांच्या आतील आरटी-पीसीआर चाचणीचा नकारात्मक अहवाल असणे अनिवार्य करण्यात आले. कोल्हापूरचे माहेर आणि बेळगावचे सासर यांच्यामध्ये एकाएकी सीमा उभी राहिली. आईच्या अंत्यविधीला जायचे की अहवालाची वाट पाहायची, असा प्रश्न काहींपुढे आला. बंधन घालणाऱ्यांचे कारण खोटे नव्हते आणि नाक्यावर अडकलेल्यांचे दुःखही खोटे नव्हते.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, एकट्या बंगळूरमध्ये दिवसाला वीस हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले जात होते. खाटा, प्राणवायू आणि स्मशानातील जागा या तिन्हींसाठी रांगा होत्या. बँका अत्यावश्यक सेवेत असल्याने आमच्या शाखा उघड्या राहिल्या. त्या दिवसांत वडिलांचे पासबुक हाती घेऊन काउंटरपाशी उभ्या राहिलेल्या एका मुलीचा प्रश्न अजून विसरता येत नाही. वडील गेले होते, आई रुग्णालयात होती, आणि खात्याला नामनिर्देशन नव्हते. रुग्णालयाचे देयक त्याच दिवशी भरायचे होते. आम्ही सहकाऱ्यांनी नियमांच्या चौकटीत जे करता येईल ते केले. पण खाते उघडताना भरलेली एक ओळ अशा वेळी काय मोलाची असते, हे त्या दिवशी उमगले. तिच्याविषयी पुढे बोलूच.

लसीकरणाची मोहीम १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशिल्ड आणि हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन या दोन लसींनी तिचा आरंभ झाला. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी १०० कोटी आणि १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटी मात्रांचा टप्पा देशाने गाठला. अर्थव्यवस्थेच्या बाजूनेही पावले पडली. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये कर्जहप्त्यांना स्थगिती दिली. मे २०२१ मध्ये लस उत्पादक, रुग्णालये, प्राणवायू पुरवठादार आदींना कर्ज देण्यासाठी बँकांना ५० हजार कोटी रुपयांची विशेष रोखता खिडकी उपलब्ध करून दिली. लसीच्या एका कुपीमागे शास्त्रज्ञाइतकीच वित्ताचीही साखळी असते, हे यातून दिसते.

नव्या लसी : काय करतात, काय करत नाहीत

लस घेतली तरी कोविड झाला, मग तिचा उपयोग काय, हा प्रश्न आजही विचारला जातो. कोविडच्या लसींचे मुख्य काम गंभीर आजार आणि मृत्यू टाळणे हे आहे. संसर्ग पूर्णपणे रोखण्याची त्यांची क्षमता मर्यादित असते आणि ती काही महिन्यांत ओसरते. छत्रीने पाऊस थांबत नाही. आपण भिजत नाही, किंवा कमी भिजतो. लसीचेही तसेच आहे.

या पाच-सहा वर्षांत लसींच्या तंत्रात मोठी क्रांती झाली. पूर्वी मृत किंवा क्षीण केलेले जंतू शरीरात सोडत. हाफकिन यांची लस उष्णतेने मारलेल्या जंतूंची होती. एमआरएनए लसीत जंतू नसतोच. त्याचा एखादा भाग कसा बनवावा, याची सूचना पेशींना दिली जाते. सूचना वाचून पेशी तो भाग बनवतात, प्रतिकारशक्ती त्याची ओळख पटवून ठेवते आणि सूचनेचा कागद थोड्याच काळात नष्ट होतो. या संशोधनाबद्दल कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातही पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने एमआरएनए लस विकसित केली. तिच्या ओमिक्रॉनविरोधी आवृत्तीला जून २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती साध्या शीतपेटीच्या तापमानात टिकते, हे तिचे वैशिष्ट्य. अहमदाबादच्या झायडसची डीएनए लस आणि भारत बायोटेकची नाकावाटे द्यायची लस यांनाही याच काळात परवानगी मिळाली. रूपांतरित विषाणूसाठी काही महिन्यांत नवी लस तयार करण्याची क्षमता आज जगापाशी आहे. १८९७ मध्ये एका खोलीत एका माणसाने केलेल्या कामाचा हा विस्तार आहे.

त्याचबरोबर मुलकोवालचा धडा विसरता कामा नये. लसींचे दुष्परिणाम असतात. ते दुर्मीळ असतात, पण असतात. कोव्हिशिल्डसारख्या लसींमुळे क्वचित रक्तात गुठळ्या होण्याचा विकार उद्भवू शकतो, हे पुढे मान्य झाले. ही माहिती लपवण्याने नव्हे, तर मोकळेपणाने सांगण्याने विश्वास टिकतो. कोट्यवधी लोकांना झालेला लाभ आणि काहींना झालेली हानी, दोन्ही बाजू ताळेबंदात दिसल्या पाहिजेत. आज प्रत्येकाने पुन्हा पुन्हा कोविडची मात्रा घ्यावी, अशी शिफारस नाही. वयोवृद्ध, दीर्घ व्याधी असलेले आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले यांना जागतिक आरोग्य संघटनेने प्राधान्य दिले आहे. आपल्या बाबतीत गरज आहे की नाही, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. संदेशांतून फिरणाऱ्या सल्ल्यांवर विसंबू नये.

सांडपाण्यातील इशारा

२ डिसेंबर २०२१ रोजी भारतातील ओमिक्रॉनचे पहिले दोन रुग्ण जाहीर झाले, ते कर्नाटकातच. त्यांपैकी एक परदेशातून आलेला प्रवासी होता. दुसरा बंगळूरमधला डॉक्टर, ज्याने परदेशप्रवास केलाच नव्हता. विमानतळावरील पाळत आवश्यक असते, पण पुरेशी नसते, हे यावरून स्पष्ट झाले. सीमेवर जो पाहुणा दिसला, त्याचा भाऊबंद आधीच घरात येऊन बसलेला असू शकतो.

म्हणूनच बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट चोखाळली. शहरातील सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतून नमुने घेऊन त्यांत विषाणूचे अंश शोधण्याचे काम येथे सुरू झाले; २०२२ मधील अभ्यासात अशा २८ केंद्रांचा समावेश होता. चाचणीला कोणी जावो वा न जावो, शहराचे सांडपाणी खोटे बोलत नाही. रुग्णसंख्या वाढण्याआधी इशारा मिळतो, आणि कोणाच्या दारावर थाप मारावी लागत नाही. आपल्या परिभाषेत याला अंतर्गत लेखापरीक्षण म्हणता येईल : घोटाळा उघडकीस येण्याची वाट न पाहता नोंदी नियमित तपासणे.

या पाळतीचा फायदा असा की, बातमी आली म्हणजे घबराट झालीच पाहिजे असे राहत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जेएन.१ हा उपप्रकार पसरला तेव्हा कर्नाटक सरकारने ज्येष्ठांना मास्क वापरण्याचा सल्ला दिला, शहर बंद केले नाही. जानेवारी २०२५ मध्ये बंगळूरमधील दोन अर्भकांमध्ये एचएमपीव्ही आढळल्याची बातमी येताच शेअर बाजारही गडगडला. प्रत्यक्षात हा जुनाच, २००१ पासून ज्ञात असलेला विषाणू होता. जोखीम ओळखण्याइतकेच तिचे वजन योग्य करणेही महत्त्वाचे असते. जागतिक पातळीवरही २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महामारी करार स्वीकारला. पुढची साथ येईल, हे गृहीत धरून केलेली ही तरतूद आहे.

प्रवासाचा ताळेबंद

आमचे एक ज्येष्ठ ग्राहक, निवृत्त शिक्षक, मधुमेही. मुलगा जर्मनीत, नात तीन वर्षांची, आणि तिला त्यांनी केवळ पडद्यावर पाहिलेले. मुदत ठेवीच्या चौकशीला आले असताना त्यांनी विचारले, "साहेब, जाऊ का हो? काही झालं तर?" ठेव मोडण्याविषयीचा तो प्रश्न नव्हता. आम्ही दोघांनी एका कागदावर दोन रकाने आखले. एका बाजूला जाण्यातील जोखीम. दुसऱ्या बाजूला न जाण्यातील. दुसऱ्या रकान्यात त्यांनी स्वतःच लिहिले : "नात मोठी होईल." पहिल्या रकान्यातील बहुतेक बाबींची तरतूद करता येत होती, दुसऱ्यातील त्या ओळीची करता येत नव्हती. ते दोघे पती-पत्नी जाऊन, दोन महिने राहून, सुखरूप परत आले.

त्या कागदावरील तरतुदी इतर वाचकांनाही उपयोगी पडाव्यात, म्हणून येथे देतो.

१. परदेशप्रवासाच्या निदान चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्येष्ठांनी फ्ल्यूच्या वार्षिक लसीविषयी अवश्य विचारावे.

२. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. ते मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावे लागते, लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि आता आयुष्यभर वैध असते. तेथून भारतात परतताना ते नसेल तर विलगीकरणाची वेळ येऊ शकते.

३. नेहमीची औषधे हातातील पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. गर्दीच्या डब्यात वा बंदिस्त जागी मास्क वापरण्यात संकोच नसावा. ताप असेल तर प्रवास पुढे ढकलण्यातही नसावा.

४. प्रवास विमा घेताना पूर्वीचे आजार लपवू नयेत. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण आवश्यक असते. तिकीट रद्द झाल्यास काय मिळेल, हे कलमही वाचावे.

५. आरोग्य विमा नसेल तर वयाचे कारण पुढे करू नये. एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांची कमाल वयोमर्यादा विमा नियामकाने काढून टाकली आहे. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा करही २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे.

६. किमान सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम सहज काढता येईल अशा स्वरूपात ठेवावी.

७. आणि सर्वांत महत्त्वाचे, नामनिर्देशन. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यांना चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. पासबुक उघडून आजच पाहावे. नोंद नसेल तर शाखेत यावे. या कामाला काही मिनिटे लागतात, शुल्क काहीच लागत नाही.

वाचकहो, शेवटच्या मुद्द्यावर भर देण्याचे कारण वर आलेच आहे. त्या मुलीने शाखेत उभे राहून विचारले होते, "बाबांना हे कोणी सांगितलं नव्हतं का?" सांगण्याचे काम आमचे आहे, करण्याचे आपले.

आपल्या पूर्वजांनी प्लेगच्या काळात गाव सोडून माळावर झोपड्या बांधल्या. साथ ओसरल्यावर ते घरी परतले, शेते पेरली, लग्ने लावली, यात्रांना गेले. पुढच्या साथीची भीती त्यांच्याही मनात होती. त्या भीतीला त्यांनी घराचे मालक होऊ दिले नाही, पण तिला दाराबाहेरही काढले नाही. अंगणात राखणीला बसवले. आपणही तेवढेच करावयाचे आहे. पंढरीच्या वारीला, कोकणातल्या गणपतीला, परदेशी नातवंडांच्या भेटीला, ज्याला जेथे ओढ असेल तेथे त्याने जावे. लस, विमा, औषधे आणि खात्यावरील नामनिर्देशन यांची तरतूद करावी आणि मोकळ्या मनाने निघावे. आपला प्रवास सुखाचा होवो.